लवकीच्या वेलीला प्लास्टर

माझ्या सासूबाई मला कधीच रागावत नाहीत. त्या देवाला सांगतात.

आमच्याकडे जावयाला तोंडावर बोलायची पद्धत नाही. जावई पाट्यासकट वरवंटा गिळून बसला तरी सासू म्हणणार, "अजून एक पोळी घ्या नं, जवाईबापू!" सासूबाई ही रीत कसोशीने पाळतात. पण आम्ही पडलो ख्रिस्ती. आमच्या घरी रोज दिवेलागणीला कौटुंबिक प्रार्थना असते, आणि प्रार्थनेत देवाला काय सांगावं यावर कोणाची बंदी नाही. त्यामुळे दिवसभर माझ्याशी अत्यंत गोड बोलणाऱ्या सासूबाई संध्याकाळी पदर सारखा करतात, डोळे मिटतात आणि माझी तक्रार थेट वर नोंदवतात.

"हे प्रभू, या घरात काही लोक न्हाणीतला नळ चालू ठेवून पेपर वाचत बसतात. त्याइले क्षमा करजो. पाण्याची किंमत त्याइले समजू देजो."

'काही लोक' म्हणजे मी. घरात आम्ही तिघंच, आणि पेपर वाचणारा मी एकटा! त्यातून खरी पंचाईत शेवटी होते. प्रार्थना संपली की सगळ्यांनी 'आमेन' म्हणायचं असतं. म्हणावं तर गुन्हा कबूल, न म्हणावं तर देवाचा अपमान. मी घुटमळलो की शीला, म्हणजे माझी बायको, मिटल्या डोळ्यांनी अचूक नेम धरून माझ्या बरगडीत कोपर मारते. मग मी आमेन म्हणतो.

सासूबाई मूळच्या तळेगावच्या. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेल्यावर शीलाने त्यांना सावंगीला आमच्या घरी आणलं. येताना त्यांनी एक ट्रंक, एक बायबल आणि लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं लवकीचं बी आणलं. (लवकी म्हणजे पुस्तकातला दुधी भोपळा. पुस्तकातल्या नावाने तो आमच्या बाजारात मिळत नाही!) हे बी मामाजींनी जन्मभर राखलेलं. दरवर्षी सुगीच्या सणाला त्यांच्या मांडवावरची पहिली लवकी चर्चमध्ये वेदीपुढे जायची. पुढची एक लवकी वेलीवरच वाळवायची आणि तिचं बी पुढच्या वर्षाला ठेवायचं. घरात ही रीत माणसांपेक्षा जुनी होती.

सासूबाईंनी ते सगळं बी आमच्या अंगणात लावलं. पावसाने बरंचसं कुजवलं, गोगलगाईंनी उरलेलं खाल्लं, आणि एकच वेल जगली. चिंधी रिकामी झाली होती. म्हणजे ही वेल गेली की मामाजींची लवकी जगातून गेली, एवढा सरळ हिशेब होता. सासूबाई त्या वेलीला पाणी घालताना तिच्याशी बोलायच्या. ती पडवीवर चढू लागल्यावर त्यांनी स्वतः बांबू रोवून मांडव केला. ऑक्टोबरात एक देखणी लवकी लटकू लागली आणि मागे दोन-तीन कोवळ्या धरल्या. मोठी सणाची, मागची बियाण्याची, हे ठरलेलं.

एवढं सगळं नीट चाललं होतं. मग मला आत्मिक वाढीचा विषय सुचला.

त्याचं असं झालं. आमची प्रार्थनासभा दर रविवारी संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या अंगणात भरते. आमच्या चर्चचे पाळकसाहेब एकदा म्हणाले, "या महिन्यात संदेश कोणी द्यावा?" (संदेश म्हणजे आमचं प्रवचन.) सगळे चपलांकडे बघू लागले. मी मात्र मान वर केली, आणि तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. मी म्हणालो, "बाग आणि आत्मिक वाढ, अशी मालिकाच घेतो की!" खरं म्हणजे मी आयुष्यात तुळससुद्धा जगवलेली नाही. पण मोबाइलवर बागकामाचे इतके व्हिडिओ पाहिले होते की आपण निम्मे माळी झालो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

पहिल्या रविवारी 'हृदयाची जमीन' हा विषय घेतला आणि दाखल्यासाठी ताज्या शेणखताचं घमेलं मधोमध ठेवलं. लोकांनी संदेश नाकाला रुमाल लावून ऐकला. दुसऱ्या रविवारचा विषय होता निंदण. मनात उगवणारं पाप मुळासकट उपटावं, हे दाखवायला मी अंगणातल्या नळापाशी पसरलेलं सगळं तण उपटून त्याचा ढीग केला आणि आवेशाने कुंपणापलीकडे फेकला. सभा संपल्यावर सासूबाई शांतपणे कुंपणापलीकडे गेल्या, ढीग ओच्यात भरून आणला, निवडला, धुतला आणि डाळ घालून शिजवला. ती घोळीची भाजी होती. त्यांनी मुद्दाम राखलेली!

"वाढू काय अजून, जवाईबापू?" त्यांनी विचारलं.

मी दोनदा घेतली. प्रार्थनेत मात्र त्या म्हणाल्या, "हे प्रभू, ज्याले काही लोक पाप म्हून फेकतात, तेच मंग मांगून मांगून खातात. हे तू पाह्यलंच."

कोपर. आमेन.

तिसरा रविवार आमच्या घरचा होता, सुगीच्या सणाच्या बरोबर आधीचा. विषय छाटणी. बायबलमधला वेल आणि फांद्यांचा प्रभूचा दाखला तर आमच्यात सगळ्यांना पाठच असतो: पिता माळी आहे, फळ न देणारी फांदी तो काढून टाकतो, आणि देणारीला छाटून आणखी फळ आणवतो. आता अंगणात साक्षात वेल असताना नुसतं बोलायचं कशाला? दुपारी जेवण करून सासूबाई लवंडल्या, शीला सभेसाठी चिवडा करत होती, आणि मी कात्री घेऊन मांडवाखाली गेलो.

शीलाने खिडकीतून विचारलं, "काय करून राह्यले तिथं?"

"संदेशाची तयारी."

"कात्रीनं?"

"तुला आध्यात्मिक गोष्टी कळायच्या नाहीत," मी म्हणालो. (हे वाक्य नंतर बरेच दिवस मला परत ऐकवण्यात आलं.)

वरची पिवळी पानं काढली. काम छान जमत होतं, आणि माणसाचं जमत असलं की तो थांबत नाही. मी खाली वाकून बुंध्याकडे पाहिलं. जमिनीतून दोन फांद्या निघालेल्या. एक कोवळी, हिरवीगार, इवल्या पानांची, बोटभर उंच. दुसरी जाड, तपकिरी, खरबरीत, आणि तिच्यावर एकही पान नाही, फूल नाही, फळ नाही! ती तशीच निष्फळ वर वर गेलेली. माझ्या डोक्यात दाखला लख्ख पेटला. हीच ती! मी दोन्ही हातांनी जोर लावून ती कापली.

कापल्यावर मनात आलं, ही एवढी वर कुठे जाते ते बघावं. मी बोट ठेवत ठेवत वर गेलो. ती बांबूवर गेली, मांडवावर गेली, सगळीकडे पसरली, आणि शेवटी सणाच्या लवकीपाशी जाऊन पोचली.

म्हातारपणी वेलीच्या बुंध्यावर पानं राहत नाहीत, ही माहिती व्हिडिओत नव्हती!

वर ऑक्टोबरचं ऊन रखरखत होतं आणि पानं माझ्या डोळ्यांदेखत माना टाकत होती. अशा वेळी माणूस आपल्या हाताला जे येतं तेच करतो. वकील असतो तर तारीख मागितली असती. पण मी इथल्या मोठ्या दवाखान्यात हाडांच्या विभागात आहे. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालणं हे माझं काम. घरात मुदत संपलेले काही रोल होतेच, नाताळच्या गव्हाणीच्या देखाव्यातले डोंगर करायला आणलेले. मी बादली आणली, रोल भिजवला, कापलेली दोन टोकं समोरासमोर धरली आणि पायाला घोट्यापासून मांडीपर्यंत घालतात तसं वेलीला झकास प्लास्टर घातलं. काम सुबक झालं होतं. माणसाचा पाय असता तर चालतासुद्धा झाला असता.

शिवाय वरून ओला टॉवेल टाकला. छत्री बांधली. टेबलफॅन लावला. सलाईनचाही विचार आला, पण शीर सापडली नसती.

शीला बाहेर आली आणि बघतच राहिली. "अहो, हे काय हाये?"

"दाखला आहे. संध्याकाळपर्यंत हात लावू नको."

"आईले माहीत हाये काय?"

"आईंना... आश्चर्याचा धक्का द्यायचा आहे," मी म्हणालो. तेवढं मात्र अगदी खरं ठरलं.

उन्हं उतरता उतरता माणसं आली. सतरंजी मांडवाखालीच टाकलेली. पाळकसाहेब नेमके लवकीच्या खाली बसले. शेजारच्या वत्सलाकाकूही आल्या. त्या रोहण्याच्या शेतकरी घरातल्या, घरी गजानन महाराजांचा फोटो, पण आमची गाणी त्यांना आवडतात म्हणून प्रत्येक सभेला हजर. बसायच्या आधीच त्यांनी बुंध्याकडे पाहिलं.

"काय जी भाऊ, वेलीचा पाय मोडला काय?"

"आधार दिलाय, काकू."

"असा आधार आमच्या रोहण्याले त कोनी देत नाई, बाप्पा!"

सासूबाई आतून चहाची भांडी घेऊन आल्या, त्यांनी प्लास्टर पाहिलं, मग छत्री पाहिली, मग पंखा पाहिला. जावयासमोर बोलायचं नसतं. त्या बायकांत जाऊन बसल्या आणि त्यांनी नजर वेलीवर लावली.

गाणं झालं. मी उभा राहिलो. संदेश तर द्यायचाच होता. "बंधुभगिनींनो, फांदी वेलीत राहिली तरच जगते. वेलीपासून ती वेगळी झाली, की..."

टप्पकन एक पान पाळकसाहेबांच्या गीतपुस्तकावर पडलं.

"...की ती लगेच दिसत नाही, पण आतून..."

आणखी दोन पानं पडली. सगळ्यांनी वर पाहिलं. सकाळी हिरवागार असलेला मांडव ओल्या पोतेऱ्यागत लोंबत होता. सभेत कुजबुज झाली. पाळकसाहेबांचा चेहरा मात्र उजळला.

"वा! वा!" ते म्हणाले. "इतक्या वर्षांत असा जिवंत दाखला मी पाहिला नाही! तुम्ही वचनासाठी अख्खी वेल कापून दाखवलीत?"

'कापून' हा शब्द अंगणात पडला आणि तिथेच राहिला. सासूबाई उठल्या. सावकाश माझ्याकडे, म्हणजे प्लास्टरकडे, येऊ लागल्या. मी चटकन प्लास्टरच्या पुढे आडवा झालो आणि 'काही नाही, काही नाही' करत मागे रेललो. माझा सगळा भार त्यावर पडला. प्लास्टर कडाडलं, बुंध्यावरून निसटलं आणि माझ्यासोबत मागे गेलं. त्याच्यामागे वेल ओढली गेली, वेलीमागे छत्री आली, छत्रीने टॉवेल आणला, आणि मामाजींच्या वेलीची पहिली लवकी सुगीच्या सणाच्या आठवडाभर आधी, वेदीची वाट न बघता, सरळ पाळकसाहेबांच्या मांडीत जाऊन बसली!

कोणी हसलं नाही. म्हणजे कोणी आवाज करून हसलं नाही.

सासूबाईंनी आधी पाळकसाहेबांना विचारलं, "लागलं त नाई नं?" मग मला विचारलं, "तुमाले त नाई लागलं नं, जवाईबापू?" मग त्यांनी खाली वाकून बुंध्यावरचा तो स्वच्छ काप बघितला. बोट फिरवलं. आणि आत जाऊन चहा आणला. पहिला कप मला दिला.

"साखर बराबर हाये नं?"

त्या चहाने माझा घसा भाजला की शरमेने, मला आजही सांगता येणार नाही.

शेवटची प्रार्थना पाळकसाहेबांनी सासूबाईंनाच करायला सांगितली. मी डोळे घट्ट मिटले. आता येणार! सगळ्या मंडळीसमोर येणार! पण त्यांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, परीक्षा असलेल्या पोरांसाठी केली, वत्सलाकाकूंच्या गुडघ्यांसाठी केली, आणि आमेन म्हणून थांबल्या. 'काही लोक' आलेच नाहीत.

मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. तिसऱ्या दिवशी शीला म्हणाली, "आई तुमचं नाव घेऊन नाई राह्यली."

"बरंच आहे की!"

"काय बरं हाये? रोज आखरीले 'जवाईबापूले गाडीवरून सुखरूप आण' म्हणत जाय ना ती? ते बी बंद झालं. तुमी ऐकून नाई राह्यले काय?"

मी ऐकलंच नव्हतं! इतके दिवस मी फक्त तक्रारी ऐकत होतो. त्यांच्यामागून रोज माझ्यासाठी काही मागितलं जातं, हे माझ्या कानावरच येत नव्हतं. त्या दिवशी मी दवाखान्यातून घरी येताना स्कूटर इतकी हळू चालवली की सायकलवाले मागे वळून बघत होते.

रविवारी सुगीचा सण झाला. ओल्या फडक्यात जपून ठेवलेली, एका बाजूने चेपलेली लवकी सासूबाईंनी वेदीपुढे नेऊन ठेवली. घरी आल्यावर त्या बुंध्यापाशी बसल्या. मी पडवीत होतो. त्या शीलाला म्हणाल्या, "तुया बाबाचं आखरी बी होतं वं ते." आवाज अगदी साधा होता. मला फार वाईट वाटलं. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी मोडल्या आहेत, पण जोडायला प्लास्टर चालत नाही अशी ही पहिलीच.

मी पुढे झालो. "आई, माझं चुकलं."

"जाऊ द्या जी," त्या लगेच उठल्या. "चहा ठेवू काय?"

आता या माणसापुढे काय करणार! समोर गोडव्याची भिंत, आणि भिंतीला दार नाही. मी संध्याकाळपर्यंत अंगणात फेऱ्या मारल्या. दिवेलागणी झाली. आम्ही तिघं बसलो, आणि तेव्हा मला सुचलं, की या घरात बोलायची जागा तर ठरलेली आहे!

"आज प्रार्थना मी करतो," मी म्हणालो. शीलाने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मी डोळे मिटले. "हे प्रभू, या घरात काही लोकांनी मोबाइल बघून वेल कापली. वर प्लास्टर घातलं. शीलाला खोटं सांगितलं. मामाजींचं बी घालवलं. त्यांना फार लाज वाटते आहे. पण आईंना सांगायला गेलं की त्या चहा ठेवतात. म्हणून तुला सांगतो. त्यांना क्षमा कर, आणि आईंच्या मनातही घाल. आणि स्कूटरचं तेवढं पुन्हा सुरू होईल असं कर. आमेन."

शीला म्हणाली, "आमेन." सासूबाई गप्प. मग धप्प असा ओळखीचा आवाज आला. कोपर! पण माझ्या बरगडीत नव्हे. शीलाने पहिल्यांदाच ते दुसऱ्या बाजूला वापरलं होतं.

"आमेन," सासूबाई म्हणाल्या. नाक ओढत.

सकाळी त्यांनी हाक मारली. "जवाईबापू, इकडे या जी." बुंध्यापाशी पडलेल्या वाळक्या पानांखाली दडलेली ती कोवळी, हिरवी, इवल्या पानांची फांदी माझ्या कात्रीतून वाचली होती. आता ती चांगली वीतभर झाली होती आणि बांबूचा आधार शोधत होती. मुळं तर शाबूत होतीच.

"म्हणजे वेल मेली नाही?"

"नाई जी. हे तुमच्या हातून सुटलं नं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून माझी एवढी स्तुती मी पहिल्यांदाच ऐकली.

त्या फांदीने नाताळात फूल धरलं. मी रोज लांबून पाणी घालत होतो. जवळ जायची परवानगी नव्हती, म्हणजे तसं कोणी बोललं नव्हतं, पण मी कात्री शोधली तेव्हा ती सासूबाईंच्या ट्रंकेत कुलुपात आहे असं कळलं. पाळकसाहेबांनी मालिका पुढे चालवायचा आग्रह केला. वत्सलाकाकूंनी निरोप पाठवला, की भाऊंचा पुढचा संदेश त्यांच्या वांग्यांपासून दूर ठेवावा. उन्हाळा लागता लागता एक लवकी वेलीवरच वाळून खडखड वाजू लागली, आणि ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी ती फोडली. बी भरपूर निघालं. जुनीच चिंधी त्यांनी पुन्हा बांधली, मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले.

"हे प्रभू, ह्यांचं बी तू राखलं, तुझे लय उपकार हायेत. पिता माळी हाये असं तूच सांगतलं. लय बरं केलं का हे काम तू आपल्याच हाती ठेवलं, कोन्या जवायाकडे देल्लं नाई. काही लोकाइले प्लास्टरच्याच कामावर ठेवजो. आन त्याइले गाडीवरून सुखरूप घरी आणजो."

शीलाचं कोपर निघालं होतं, पण ते अर्ध्या वाटेतच थांबलं. कारण मी आधीच आमेन म्हणून मोकळा झालो होतो. शेणखत, निंदण, छाटणी एवढं सगळं करून माझी आत्मिक वाढ झाली ती एवढीच!